विश्लेषण : रोज आपोआप येणारी फाइल अचानक का थांबते? डाऊनलोड स्क्रिप्टचा बिघाड कसा शोधतात?

शेअर बाजाराचे व्यवहार संपले की संध्याकाळी राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) त्या दिवसाच्या सर्व समभागांच्या भावांची एक फाइल संकेतस्थळावर ठेवतो. बाजाराच्या भाषेत ती ‘भावकॉपी’. दलालांची कार्यालये, गुंतवणूक सल्लागार, बाजाराचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्यापैकी अनेक जण ही फाइल हाताने उतरवून घेत नाहीत. दहा-वीस ओळींची एक स्क्रिप्ट ते काम रोज ठरल्या वेळी करते. सोमवारी, ८ जुलै २०२४ रोजी एनएसईने जुन्या स्वरूपातील भावकॉपी बंद करून नवे स्वरूप लागू केले आणि जुन्या पत्त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्टना फाइल मिळेनाशी झाली. बदलाचे परिपत्रक आधीच निघाले होते, पण स्क्रिप्ट परिपत्रके वाचत नाही. असा बिघाड बँकेच्या लेखा विभागात, रुग्णालयात, वृत्तपत्राच्या कार्यालयात, कुठेही होऊ शकतो. तो शोधण्याची रीत मात्र बऱ्यापैकी ठरलेली आहे.

ही स्क्रिप्ट नेमके काय करते?

तिची कामे तीन. आजच्या तारखेवरून फाइलचे नाव तयार करायचे, ती फाइल दूरच्या सर्व्हरकडे मागायची आणि आलेली फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. मागण्याचे काम बहुतेक वेळा ‘डब्ल्यूगेट’ किंवा ‘कर्ल’ या मोफत साधनांकडे असते. डब्ल्यूगेट १९९६ मध्ये क्रोएशियाच्या ह्रवोये निकशिच यांनी लिहिले, तर कर्ल या नावाने स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचे साधन मार्च १९९८ मध्ये आले. पंचवीस वर्षे उलटूनही दोन्ही रोजच्या वापरात आहेत.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल नेण्याच्या खटाटोपात एका भारतीयाचे नाव अगदी पहिल्या पानावर आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीत असताना, ‘एफटीपी’ या फाइल हस्तांतर पद्धतीचा पहिला आराखडा लिहिला. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राऊजरनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. साध्या एफटीपीत पासवर्डही उघडाच जातो, म्हणून आज ‘एचटीटीपीएस’ किंवा ‘एसएफटीपी’ या सुरक्षित पद्धती वापरल्या जातात. गंमत अशी की बिघाडाची कारणे १९७१ मध्ये होती तीच बहुतांशी आजही आहेत : नाव चुकले, वाट बंद झाली, ओळख पटली नाही किंवा फाइल अर्धीच आली.

८ जुलै २०२४ रोजी काय बदलले?

जुन्या भावकॉपीच्या नावात दिवस, इंग्रजी महिन्याची तीन मोठी अक्षरे आणि वर्ष अशी तारीख असे. ‘यूडिफ’ या नव्या समान स्वरूपात तारीख निव्वळ आकड्यांत आली, तीही वर्ष, महिना, दिवस या उलट क्रमाने. शुक्रवारी, ५ जुलैला चाललेली स्क्रिप्ट सोमवारी त्याच साच्यात नाव तयार करून फाइल मागू लागली, पण त्या नावाची फाइलच आता तयार होत नव्हती. सर्व्हरवरील जागाही वेगळी झाली होती.

अनेकांनी नवा पत्ता घातला, फाइल येऊ लागली आणि काम झाले असे मानले. पण आतील रकान्यांची नावेही बदलली होती. बंद भावासाठी असलेल्या ‘क्लोज’ या सुटसुटीत नावाच्या जागी ‘क्लोजिंग प्राइस’मधली अक्षरे गाळून केलेले लघुरूप आले. त्यामुळे डाऊनलोड करणारा भाग सुरळीत आणि फाइल वाचणारा भाग ठप्प, अशी स्थिती होणे साहजिक होते. दुरुस्ती करताना फाइल फोल्डरमध्ये दिसली एवढ्यावर थांबता येत नाही, ती जिथे वापरली जाते त्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन पाहावे लागते.

भावकॉपीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. बाजार बंद असेल त्या दिवशी फाइल नसते, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ हे सर्व्हरचे उत्तर त्या दिवशी बरोबरच असते. ते टाळण्यासाठी बरेच जण स्क्रिप्टला शनिवार-रविवार सुट्टी देऊन टाकतात. मग शनिवारी, २ मार्च २०२४ रोजी बाजाराने आपत्कालीन यंत्रणेच्या चाचणीसाठी विशेष सत्र ठेवले, १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्पामुळे शनिवारी बाजार उघडा राहिला, आणि त्याआधी १२ नोव्हेंबर २०२३ रोजी मुहूर्ताचे सौदे रविवारी संध्याकाळी झाले. शनिवार-रविवार झोपणाऱ्या स्क्रिप्टकडे या तिन्ही दिवसांची नोंद नसणार. एका दिवसाची फाइल नसली तर फारसे बिघडत नाही असे वाटते. पण दोनशे दिवसांची सरासरी काढणाऱ्याच्या गणितात ती फट पुढे दोनशे दिवस राहते.

शोध कुठून सुरू करायचा?

बिघाड दिसला की स्क्रिप्ट बदलायला घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिले काम म्हणजे स्क्रिप्टने तयार केलेला पूर्ण पत्ता पडद्यावर छापून घेणे आणि तोच पत्ता ब्राऊजरमध्ये टाकून पाहणे. तिथेही फाइल आली नाही तर दोष पत्त्यात किंवा सर्व्हरवर आहे. तिथे आली आणि स्क्रिप्टला मात्र मिळाली नाही, तर दोष स्क्रिप्टमध्ये किंवा सर्व्हर स्क्रिप्टला देत असलेल्या वागणुकीत आहे. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

फाइल मागितल्यावर होणाऱ्या गोष्टी एका क्रमाने होतात. आधी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो. मग त्या पत्त्याशी जोडणी होते, सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र तपासले जाते, सर्व्हर तीन अंकी सांकेतिक उत्तर देतो आणि शेवटी फाइल येते. कर्ल कुठल्या पायरीवर अडखळले हे एका अंकाने सांगते. ६ म्हणजे नावच सापडले नाही, ७ म्हणजे नाव सापडले पण जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वाट पाहून वेळ संपली, ६० म्हणजे प्रमाणपत्र पटले नाही, २३ म्हणजे फाइल येत होती पण ती लिहिता आली नाही. या शेवटच्या अंकामागे अनेकदा अगदी घरगुती कारण असते : डिस्क भरलेली असते. वर्षभर रोज फायली साठवायच्या आणि जुन्या काढायच्या नाहीत, असे चालले की हा दिवस कधीतरी उगवतोच.

इथे वापरकर्ते हमखास चूक करतात ती अशी, की स्क्रिप्टचा सगळा संदेशच गप्प केलेला असतो. पडद्यावर कटकट नको म्हणून चुका कुठेही न लिहिता फेकून द्यायची सोय करून ठेवलेली असते. मग सहा महिन्यांनी बिघाड झाला की हाती एक ओळही नसते. तपासणीच्या वेळी ती ओळ काढावी आणि साधनाला तपशीलवार बोलायला लावावे; डब्ल्यूगेट आणि कर्ल दोघांतही ती सोय आहे.

काही बिघाड डोळ्यांना दिसतच नाहीत. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून लिनक्स सर्व्हरवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटून जाते. पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर दिसतो, पण सर्व्हरला तो त्या चिन्हासकट पोहोचतो आणि फाइल सापडत नाही. पत्त्यात ‘&’ हे चिन्ह असेल आणि पत्ता अवतरणचिन्हांत नसेल, तर लिनक्सच्या दृष्टीने आज्ञा तिथेच संपते आणि पत्त्याचा पुढचा भाग गळून पडतो. अशा बिघाडावर लोकांनी अख्खी दुपार घालवल्याची उदाहरणे प्रत्येक संगणक विभागात सापडतील.

हाताने चालवली की चालते, रात्री मात्र नाही. असे का?

डाऊनलोड स्क्रिप्टविषयीची ही सर्वात जुनी तक्रार. स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवण्याचे काम लिनक्सवर ‘क्रॉन’ हा घटक करतो. माणूस लॉगइन करतो तेव्हा त्याच्या सोयीच्या अनेक गोष्टी आपोआप तयार असतात : साधने कोणत्या फोल्डरमध्ये शोधायची, सध्या आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, कोणती किल्ली वापरायची. क्रॉन यातले जवळजवळ काहीच पुरवत नाही. ‘डेटा या फोल्डरमध्ये ठेव’ असे मोघम लिहिलेले असेल तर क्रॉन दुसऱ्याच ठिकाणचे ‘डेटा’ शोधतो. एसएफटीपीच्या किल्लीला पासवर्ड असेल तर दिवसा माणसाने तो एकदा दिलेला असतो. रात्री विचारायला कोणी नसते. म्हणून क्रॉनसाठीच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक साधनाचा आणि फोल्डरचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहिण्याची पद्धत आहे.

दुसरा सापळा टक्केवारीच्या चिन्हाचा. आजची तारीख मागण्यासाठी लिनक्समध्ये ‘%’ हे चिन्ह वापरावे लागते. तीच आज्ञा थेट क्रॉनच्या तक्त्यात लिहिली तर क्रॉन ‘%’ला ओळीचा शेवट समजतो आणि पुढचे सारे तोडतो. पडद्यावर चालणारी, जशीच्या तशी उतरवलेली आज्ञा रात्री अर्धवट होते. तारखेची आज्ञा वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवली की हा प्रश्न उरत नाही. किंवा चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

आणि तिसरा, भारतीयांना विशेष जाचणारा, वेळेचा. भाड्याने घेतलेले क्लाऊड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. क्रॉनमध्ये संध्याकाळी साडेसहाची वेळ लिहिली आणि सर्व्हर जागतिक वेळेवर असला, तर स्क्रिप्ट भारतात मध्यरात्री बाराला चालते. हा फरक निदान लक्षात येतो. पहाटेच्या स्क्रिप्टचे दुखणे जास्त वाईट. समजा, कोणी रोज पहाटे चार वाजता ‘कालची’ फाइल मागतो. बुधवारी पहाटे चार वाजता जागतिक वेळेनुसार अजून मंगळवारचे रात्रीचे साडेदहाच वाजलेले असतात. सर्व्हरच्या लेखी ‘काल’ म्हणजे सोमवार. सोमवारची फाइल अस्तित्वात असते, ती बिनबोभाट येते, कुठलीही चूक नोंदली जात नाही. फक्त भाव एक दिवस शिळे असतात. पहाटे साडेपाचच्या आधी चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला हा धोका आहे. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत भारतीय वेळ ठरवून देणे हा त्यावरचा उपाय, आणि क्रॉनचे वेळापत्रक सर्व्हरच्या घड्याळाशी पडताळून लिहिणे हा दुसरा.

फाइल आली, पण ती खरी फाइल आहे का?

न आलेल्या फाइलपेक्षा चुकीची आलेली फाइल अधिक नुकसान करते. फाइल नसली तर कोणीतरी आरडाओरडा करतो. चुकीची फाइल मुकाट्याने पुढे सरकते.

कर्लची एक सवय इथे ठाऊक असायला हवी. सर्व्हरने ‘४०४’ म्हणजे फाइल नाही असे उत्तर दिले, तरी त्या उत्तरासोबत आलेले ‘पान सापडले नाही’ असे वेबपान कर्ल फाइल म्हणून साठवते आणि काम यशस्वी झाल्याचे कळवते. त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. सर्व्हरने काहीतरी दिले आणि त्याने ते आणले. ४०० आणि त्यापुढच्या उत्तरांना अपयश मानायला कर्लला वेगळे सांगावे लागते, त्यासाठीचा पर्याय ‘फेल’ याच नावाचा आहे. पत्ता दुसरीकडे हलवल्याचे ‘३०१’ हे उत्तर आले तरी कर्ल आपणहून नव्या पत्त्यावर जात नाही, डब्ल्यूगेट जाते. डब्ल्यूगेटच्या सवयी वेगळ्या. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर ते नव्या फाइलच्या नावामागे ‘१’ जोडून ती वेगळी ठेवते. पुढची प्रक्रिया मात्र जुन्याच नावाची फाइल वाचत राहते. पत्ता तोच राहतो आणि मजकूर रोज बदलतो अशा फायलींच्या बाबतीत हे फार घडते. म्युच्युअल फंडांच्या ‘अ‍ॅम्फी’ या संघटनेची सर्व योजनांच्या एनएव्हीची मजकूर फाइल अशीच आहे. सुदैवाने तिच्यात प्रत्येक योजनेपुढे तारीख असते. ती तपासली तर शिळी फाइल लगेच पकडता येते.

झिप फाइल ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ती कोणत्याही साध्या मजकूर संपादकात उघडली तर पहिली दोन अक्षरे ‘पीके’ अशी इंग्रजीत दिसतात. झिप स्वरूप तयार करणारे फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. त्या जागी कोनी कंस आणि ‘एचटीएमएल’ असे दिसले तर झिपच्या नावाखाली वेबपान साठवले गेले आहे, आणि ते पान वाचले की सर्व्हरची तक्रार काय आहे तेही बहुधा कळते. फाइलचा आकारही बोलका असतो. रोज शेकडो केबींची येणारी फाइल एखाद्या दिवशी दोन-तीन केबीची असेल तर उघडून पाहायलाच हवी.

फाइल पोहोचली पण पूर्ण पोहोचली नाही, याचे सर्वात महागडे उदाहरण ब्रिटनमधले आहे. २०२० च्या शरद ऋतूत खासगी प्रयोगशाळांकडून येणाऱ्या करोना चाचण्यांच्या फायली ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही संस्था आपोआप एक्सेलच्या तक्त्यात ओढून घेत असे. तक्ता जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपात होता आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने मर्यादा लवकर गाठली गेली. त्यापुढच्या नोंदी गळून पडल्या, यंत्रणेने हूं की चूं केले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्या लोकांना स्वत:चा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या पथकांपर्यंत त्यांची नावे वेळेत गेली नाहीत. साथ वाढत असताना ते दिवस परत मिळणारे नव्हते. आलेल्या फाइलमधील ओळी आणि साठवलेल्या ओळी यांची रोज नुसती मोजदाद झाली असती, तरी पहिल्याच रात्री हे उघड झाले असते.

प्रमाणपत्राची चूक आली तर तपासणीच बंद करावी का?

नाही. तरीही सर्वाधिक वापरला जाणारा उपाय तोच आहे, कारण तो एका अक्षराचा आहे आणि तात्काळ ‘चालतो’. सर्व्हर खरोखर तोच आहे का, हे पाहण्याचे काम बंद केल्यावर मधल्या मध्ये कोणीही खोटी फाइल हाती देऊ शकतो. भावांची फाइल असेल तर गणित चुकेल. सॉफ्टवेअरची फाइल असेल तर संगणकच दुसऱ्याच्या हाती जाईल.

प्रमाणपत्राच्या बिघाडात दोष नेहमी सर्व्हरचा असतो असे नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स-३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था सुरुवातीपासून त्याच्या आधारावर उभी होती. संकेतस्थळांची स्वत:ची प्रमाणपत्रे वैध होती, ब्राऊजरमध्ये ती बिनतक्रार उघडत होती. पण ओपनएसएसएलची १.०.२ किंवा त्याआधीची आवृत्ती वापरणाऱ्या, अद्ययावत न केलेल्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट त्या दिवशी बंद पडल्या. बिघाड मागणाऱ्याच्या घरात होता. विश्वासार्ह प्रमाणपत्रांची स्थानिक यादी अद्ययावत करणे हा योग्य उपाय होता. संगणकाचे घड्याळ चुकले असेल तरी हीच चूक दिसते, कारण आजची तारीख २०१९ समजणाऱ्या संगणकाला या वर्षीचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले वाटते.

एसएफटीपीमध्ये हाच प्रश्न ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ अशा मोठ्या अक्षरांतल्या इशाऱ्याने समोर येतो. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली एक खासगी किल्ली चुकून काही काळ सार्वजनिक झाल्यामुळे ती बदलली. त्यानंतर जगभरच्या अनेक स्क्रिप्ट हा इशारा देऊन थांबल्या. इशारा बरोबर होता आणि बदलही खरा होता. अशा वेळी जुनी नोंद पुसण्याआधी सर्व्हरवाल्यांनी जाहीर केलेला नव्या किल्लीचा ठसा जुळवून पाहायचा असतो. गिटहबने तो जाहीर केला होता. एखाद्या छोट्या पुरवठादाराच्या सर्व्हरबाबत मात्र फोन करून विचारावे लागते, आणि तो फोन करण्याचा कंटाळा न केलेला बरा.

ब्राऊजरला फाइल मिळते, स्क्रिप्टला नकार. का?

अनेक संकेतस्थळे मागणाऱ्याचे ओळखनाव पाहतात. ब्राऊजर आपले नाव सांगतो, कर्ल आपले. यंत्राकडून येणाऱ्या मागण्या नको असलेले सर्व्हर अशांना ‘४०३’ देऊन परत पाठवतात. काहींना आधी मुखपृष्ठ उघडून कुकी घेतलेली हवी असते. स्क्रिप्टने ब्राऊजरचे सोंग घेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. पण त्याआधी त्या संकेतस्थळाच्या वापराच्या अटी वाचाव्यात; यंत्रांसाठी वेगळी, अधिकृत वाट दिलेली आहे का ते पाहावे. पुष्कळदा ती असते आणि कोणी शोधलेली नसते.

‘४२९’ हे उत्तर आले तर अर्थ सरळ आहे : फार वेळा मागितले. इथे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा उतावळेपणा बिघाड वाढवतो. फाइल मिळाली नाही की पुन्हा माग, अशी अखंड फेरी लावली की सर्व्हर तो पत्ता काही तासांसाठी बंद करतो आणि मग त्याच कार्यालयातील इतरांनाही संकेतस्थळ उघडत नाही. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत जाणे, चार-पाच प्रयत्नांनंतर थांबून माणसाला कळवणे, ही सभ्य रीत. ‘५०३’ आले तर सर्व्हर स्वत:च दमलेला असतो. सर्वांच्या स्क्रिप्ट ठीक सातच्या ठोक्याला सुटतात हे त्याचे एक कारण. स्क्रिप्टची वेळ सात वाजून तेरा मिनिटे अशी आडनिडी ठेवली की यातला बराच त्रास टळतो.

पुन्हा तोच बिघाड होऊ नये म्हणून काय करतात?

फाइल थेट अंतिम नावाने उतरवायची नाही. आधी तात्पुरत्या नावाने घ्यायची, आकार पाहायचा, झिप असेल तर ती शाबूत आहे का ते तपासायचे, आतील तारीख आणि ओळींची संख्या पाहायची. सारे जुळले तरच नाव बदलून खऱ्या जागी ठेवायची. त्यामुळे अर्धवट फाइल पुढच्या प्रक्रियेच्या हाती लागत नाही आणि कालची चांगली फाइल आजच्या वाईट फाइलने पुसलीही जात नाही. मोठी फाइल मध्येच तुटली तर उरलेला भाग तेवढा मागण्याची सोय कर्ल आणि डब्ल्यूगेट दोघांतही आहे, फक्त सर्व्हरची त्याला तयारी हवी.

सूचना पाठवण्याची व्यवस्था बहुतेक जण ई-मेलवर सोडतात. ती पुरेशी नाही, हे ‘गिटलॅब’ या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ रोजी कळले. रात्री काम करणाऱ्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचे डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले, सुमारे ३०० जीबी. बॅकअप शोधायला गेल्यावर दिसले की दूरच्या साठवणुकीत बॅकअपच नव्हते. बॅकअप घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने ती स्क्रिप्ट अपयशी ठरत होती. अपयश कळवणारे ई-मेल निघतही होते, पण त्यांची पडताळणी होत नसल्याने मेल सर्व्हर ते परत लावत होता. म्हणजे स्क्रिप्ट बंद, तिची तक्रार करणारी यंत्रणाही बंद. कंपनी वाचली ती केवळ एका अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीमुळे. मधल्या सहा तासांतला मजकूर कायमचा गेला. कंपनीने हा सारा तपशील स्वत:हून जाहीर केला, म्हणून आज तो सर्वांना वाचता येतो.

त्यामुळे आता अनेक ठिकाणी उलटी पद्धत वापरतात. स्क्रिप्टने यशस्वी झाल्यावर निरोप द्यायचा, आणि ठरल्या वेळेपर्यंत तो आला नाही तर दुसऱ्याच एका यंत्रणेने ओरडायचे. सर्व्हर बंद पडला, वीज गेली, क्रॉनचा तक्ता कोणी पुसला, काहीही झाले तरी निरोप येत नाही आणि ओरड होते. लहान कार्यालयात यासाठी फार काही लागत नाही. रोज संध्याकाळी आठ वाजता फोल्डरमधल्या सर्वात नव्या फाइलची तारीख पाहणारी, वेगळ्या संगणकावरची तीन ओळींची स्क्रिप्ट आणि तिने पाठवलेला मोबाइलवरचा संदेश एवढे पुरते.